तराजूंतील इतिहास

शाळेच्या वेळापत्रकांत पहिल्या तासाला गणित आणि दुसऱ्या तासाला इतिहास असतो. घंटा झाली म्हणजे एक पुस्तक मिटावयाचें व दुसरें उघडावयाचें. पहिल्या पुस्तकाचा दुसऱ्याशीं कांहीं संबंध असेल ही शंकाही मुलांच्या मनांत येऊं द्यावयाची नाहीं, अशी एकंदर रीत आहे. विद्यापीठांतही हीच रीत अधिक मोठ्या इमारतींतून चालते. गणिती, इतिहासकार, मानसशास्त्रज्ञ, कारखान्यांना सल्ला देणारा रसायनशास्त्रज्ञ, असे सारे संशोधक आपापल्या दालनांत बसलेले असतात. विद्येच्या इतक्या शाखा झाल्या हें योग्यच झालें, कारण सारें ज्ञान एका डोक्यांत मावण्याचे दिवस केव्हांच गेले. तथापि कांहीं प्रश्न असे असतात कीं, ते ज्या दालनाच्या दारांत उभे असतात तेथें त्यांचें उत्तर नसतें. तें शेजारच्या दालनांत पडलेलें असतें. जुन्या नाण्यांचा प्रश्न त्यांतलाच, आणि तो घेऊन शेजारच्या दालनांत शिरणारे पुरुष म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

आज पाकिस्तानांत असलेल्या तक्षशिलेच्या भीर टेकाडांत १९२४ सालीं एक मोठी ठेव सांपडली. तींत चांदीचीं हजारांहून अधिक आहत नाणीं होतीं. त्यांच्याच सोबतीला शिकंदराचीं दोन व त्याचा सावत्र भाऊ फिलिप अरिदाइउस याचें एक, अशीं तीन ग्रीक नाणीं निघालीं, आणि तीं नुकतीं टांकसाळींतून आल्यासारखीं कोरीं करकरीत होतीं. त्यांवरून ही ठेव इसवी सनापूर्वींच्या चौथ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास पुरली गेली असावी, एवढें ठरलें. परंतु त्या हजार आहत नाण्यांपैकीं कोणतें जुनें आणि कोणतें नवें, हें कसें सांगावें?

आहत नाणें म्हणजे चांदीच्या पत्र्याचा कापलेला तुकडा. वजन बरोबर यावें म्हणून त्याचे कोपरे छाटलेले असत. त्याचें ठरीव वजन ३२ गुंजा, म्हणजे सुमारें साडेतीन ग्रॅम. एका बाजूस पांच निरनिराळे ठसे मारलेले असत. त्यांत सूर्य असे, सहा आऱ्यांचें चक्र असे, कोठें डोंगरासारखी आकृति, कोठें हत्ती. मागील बाजूस बारीक बारीक खुणा. राजाचें नांव नाहीं, सन नाहीं, अक्षरही नाहीं. पुष्कळ विद्वानांनीं त्या ठशांचा अर्थ लावण्यांत आयुष्य वेंचलें. एकास जें चिन्ह बौद्ध वाटावें तें दुसऱ्यास शैव वाटावें, असा तो वाद चालला होता. नाणें डोळ्यांनीं पाहावयाची वस्तु आहे, असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. वॉल्श यांनीं १९३९ सालीं या ठेवीचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत नाण्यांचीं वजनेंही दिलीं होतीं. तीं कोष्टकें तशींच पडून राहावयाचीं, पण फर्ग्युसन कॉलेजांतील एका गणिताच्या प्राध्यापकानें तीं वाचावयास घेतलीं.

कोसंबींचा जन्म १९०७ सालीं गोव्यांतील कोसबें येथें झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित. त्यांच्याबरोबर मुलगा अमेरिकेस गेला आणि १९२९ सालीं हार्वर्ड विद्यापीठाचा पदवीधर होऊन परतला. काशी व अलीगड येथें शिकवून ते पुण्यास आले. संख्याशास्त्र हें त्या वेळीं नवें शास्त्र होतें. नुसतीं सूत्रें पाठ करून तें येणार नाहीं, कांहीं तरी प्रत्यक्ष प्रश्न हातीं घेतला पाहिजे, असें त्यांच्या मनानें घेतलें. त्यांनीं प्रथम विद्यार्थ्यांच्या परीक्षेंतील गुणांची तपासणी आरंभिली. (शिक्षकवर्गाला ती फारशी सुखावणारी ठरली नसावी.) आणि त्यानंतर ते नाण्यांकडे वळले.

त्यांची कल्पना सांगावयास सोपी आहे. घाटाची पायरी पावलांनीं झिजते, तसें नाणें हातांनीं झिजतें. एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना धातूचा जो कण जातो तो मोजतां येणार नाहीं इतका सूक्ष्म. पण हजार हात फिरल्यावर नाणें हलकें झालेलेंच असतें. एकच नाणें घेतलें तर कांहीं कळत नाहीं, कारण तें मुळांतच थोडें कमी वजनाचें पाडलें गेलें असेल. परंतु एकाच छापाचीं शें-दोनशें नाणीं घेतलीं आणि सरासरी काढली, तर अधिक काळ फिरलेल्या छापाची सरासरी कमी भरली पाहिजे. दुसरीही एक गोष्ट घडते. एका वर्गाचीं मुलें फाटकांतून एकदम सहलीस निघालीं, तर आरंभीं तीं एकत्र असतात. तासाभरानें वर्ग पुढें गेलेला असतो, आणि पहिल्या व शेवटच्या मुलामधील अंतरही वाढलेलें असतें. तसेंच नाण्यांचें. काळ जातो तशी सरासरी उतरते आणि वजनावजनांतील फरकाचा पसारा वाढतो.

हा नियम खरा कशावरून? जीं नाणीं कधीं पाडलीं हें ठाऊक नाहीं, त्यांवर तो सिद्ध होणार नाहीं. म्हणून कोसंबींनीं त्या वेळच्या चालू चलनाकडे पाहिलें. त्या नाण्यांवर सन छापलेला असतो, म्हणजे वय आधींच ठाऊक. वजनें आणि वयें यांचा मेळ घालून त्यांनीं १९४२ सालीं चलनांत फिरल्यानें नाण्याच्या वजनावर काय परिणाम होतो याविषयींचा निबंध प्रसिद्ध केला. बाजारांत भाजीवालीच्या टोपलींतून आलेलें नाणें मौर्यांच्या कार्षापणाविषयीं साक्ष देऊं लागलें! इतिहासकाराला हें सुचलें नसतें, आणि निव्वळ गणितज्ञाला तें करावेंसें वाटलें नसतें.

मग तक्षशिलेच्या नाण्यांवर त्यांनीं हाच नियम लावून पाहिला. मागील बाजूच्या ज्या बारीक खुणांकडे फारसें कोणी लक्ष दिलें नव्हतें, त्या खुणा जसजशा वाढतात तसतशी सरासरी वजनांत घट येते, असें दिसून आलें. या खुणा राजाच्या नव्हेत. नाणें फिरत असतां ठराविक काळानें तें पारखणाऱ्या व्यापाऱ्यांच्या त्या असाव्यात, असा तर्क त्यांनीं केला. समोरच्या ठशांचे गट वजनाप्रमाणें लावतां लावतां त्यांना कालक्रमही मिळूं लागला. नंतरच्या काळांतील नाण्यांत तांब्याचें प्रमाण अधिक आणि वजनांतील काटेकोरपणा कमी, हें पाहून मौर्य राज्याच्या तिजोरीवर पडलेल्या ताणाचा निष्कर्ष त्यांनीं काढला. ज्या राज्याचा हिशेब कोठेंही लिहिलेला शिल्लक नाहीं, त्याचा जमाखर्च असा तराजूंतून निघाला.

अर्थात् येथें सावध राहावयास हवें. जमिनींत पुरलेलें नाणें गंजतें, आणि तें साफ करतांनाही वजन जातें. प्राचीन बाजारांत नाणें किती वेगानें फिरत होतें, हें आजच्या बाजारावरून नेमकें सांगतां येत नाहीं. कोसंबींनीं अमुक ठसा अमुक राजाचा असें जें ठरविलें, तें सर्व नाणकशास्त्रज्ञांनीं मान्य केलेलें नाहीं. क्रम लावण्याची पद्धत एक आणि त्या क्रमावर राजांचीं नांवें बसविणें हें दुसरें. पहिलें जितकें भक्कम तितकें दुसरें नाहीं.

ज्या वर्षांत हें वजन करणें चाललें होतें त्याच वर्षांत त्यांच्या हातून आणखी कितीतरी निघालें. १९४३ सालीं गणितांतील त्यांचा एक निबंध आला. त्यांतील पद्धत पुढें दोन युरोपीय गणितज्ञांनीं स्वतंत्रपणें शोधली, आणि आज ती बहुधा त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. १९४४ सालीं अनुवंशशास्त्रांत गुणसूत्रावरील अंतर मोजण्याचें सूत्र त्यांनीं दिलें; वनस्पतींवर काम करणारे संशोधक तें कोसंबींच्याच नांवानें आजही वापरतात. १९४८ सालीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति निघाली, तिच्यासाठीं शेंकडों हस्तलिखितें ताडून पाहिलेलीं होतीं. पुढें एका सहकाऱ्याबरोबर भारतांतील जन्मप्रमाण कोणत्या ऋतूंत कसें बदलतें याचाही शोध त्यांनीं घेतला.

१९४५ सालीं होमी भाभा यांनीं त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बोलाविलें. राहणें पुण्यास, भांडारकर संस्थेच्या मागील बाजूस, आणि काम मुंबईस. दख्खनच्या राणीचा प्रवास त्यांच्या दिनक्रमाचा भागच झाला. या प्रकारच्या संशोधकाला एक अडचण असते. त्याचे समीकरणांनीं भरलेले निबंध इतिहासकार वाचूं शकत नाहींत, आणि नाण्यांत व देवळांत रमलेल्या माणसाला गणितज्ञ आपला म्हणत नाहींत. शिवाय कोसंबी शब्द जपून वापरणारे नव्हते. अणुशक्तीच्या योजनांचा गाजावाजा चालला असतां १९६० सालीं पुण्याच्या एका व्याख्यानांत, या देशानें सूर्याच्या उष्णतेचा उपयोग आधीं करावा, असें त्यांनीं उघड सांगितलें. दोषही त्यांच्या पदरीं होता. १९५९ सालीं रीमानच्या सुप्रसिद्ध अनुमानाची सिद्धता आपण दिली असा दावा त्यांनीं केला, तोही शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकांत. ती सिद्धता टिकली नाहीं, आणि गणितज्ञांत त्यांच्या नांवाला त्यामुळें मोठा धक्का बसला. नाणीं तोलतांना संशयी असणारा हात येथें कसा सैल सुटला, याचें नवल वाटतें. १९६२ सालीं संस्थेंतील त्यांची नेमणूक पुढें चालू राहिली नाहीं. दोन वर्षांनीं पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनींत त्यांना जागा मिळाली.

पण त्यापूर्वींच पुण्याभोंवतालच्या टेकड्यांवर त्यांची पायपीट सुरू झालेली होती. शेंदूर लावलेल्या देवीच्या तांदळ्याजवळ, धनगरांच्या वाटा जेथें एकमेकींस छेदतात तेथें, त्यांना अश्मयुगांतील गारगोटीचीं बारीक हत्यारें सांपडत. या वाटा देवळांहून जुन्या आहेत, पंढरीची वाटही विठ्ठलाच्या उपासनेहून जुनी असावी, आणि कार्ल्या-भाज्याचीं लेणीं घाट चढून येणाऱ्या व्यापारी मार्गांच्या आधारानें उभीं आहेत, असें त्यांनीं मांडलें. यासाठीं तराजू लागला नाहीं. पाय लागले, आणि वाटेंत भेटणाऱ्या गुराख्याशीं मराठींत बोलणें लागलें.

१९६६ च्या फेब्रुवारींत एका प्रसिद्ध अमेरिकन विज्ञान मासिकानें त्यांचा नाण्यांच्या वजनावरील लेख छापला. त्याच वर्षीं २९ जूनला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, ते पुण्यास वारले. पुढच्या फेब्रुवारींत त्याच मासिकांत त्यांचा दुसरा लेख आला. तो भारतांत अजून जिवंत असलेल्या इतिहासपूर्व काळाविषयीं होता.