वंशशोधातील चर्चनोंदी आणि डीएनए चाचणी

इंग्लंडमध्ये १५३८ साली प्रत्येक पॅरिश चर्चने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. वंशशोधाचे हे प्रमुख साधन होय. मात्र नोंदवहीत येतो तो समाजमान्य पिता. रक्तसंबंधाची खात्री ती देत नाही. १४८५ मध्ये मरण पावलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाचे अवशेष २०१२ मध्ये लेस्टर येथे सापडले. कागदपत्रांच्या आधारे त्याच्या नातलगांचे वंशज शोधण्यात आले. २०१४ च्या संशोधनानुसार आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए बहिणीच्या मातृवंशाशी जुळला. पित्याकडून पुत्राकडे जाणारे वाय गुणसूत्र मात्र नोंदलेल्या पितृवंशाशी जुळले नाही. पितृत्वाची साखळी कोणत्या पिढीत तुटली, हे चाचणीने उलगडले नाही. कागद मानलेले नाते सांगतो, डीएनए जैविक. वंशेतिहासाला दोहोंची साक्ष आवश्यक ठरते.