फिल्म गेली, विद्या उरली

पुणेकरांस फिल्मचे महत्त्व सांगावयास नको. १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून येथे आली. तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. मात्र ज्या पट्टीवर आपली चित्रे उमटली, ती पट्टी आपली नव्हती. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनाही कच्ची फिल्म कोडॅकचीच मागवावी लागली. ही परवशता संपावी म्हणून सरकारने १९६० साली उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापिला. 'इंदू' ही फिल्म त्याचीच.

पुढे डिजिटल कॅमेरा आला. २००० च्या सुमारास फिल्मचा खप शिखरास पोचला आणि दहा वर्षांत कोसळला. मग या कारखानदारांनी केले काय?

कोडॅक गाफील राहिली, असा समज आहे. पण पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली तिच्याच प्रयोगशाळेत तयार झाला. १९८८ साली तिने औषधांची स्टर्लिंग कंपनी घेतली. १९९४ साली तो धंदा विकला आणि आपला रसायनविभागही वेगळा काढला. जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी तिच्यावर आली. नवे धंदे तिने केले, पण ते टिकवून धरले नाहीत.

जपानच्या फुजीने आपणांस काय येते, याची मोजदाद केली. फिल्मचा पारदर्शक पाया टीव्ही-संगणकाच्या पडद्यांत उपयोगी पडला. फिल्मवरील जिलेटिन म्हणजे मूळचे कोलॅजेन. छायाचित्राचा रंग विटू नये म्हणून शोधलेली द्रव्ये आणि हे कोलॅजेन यांच्या ज्ञानातून त्वचेची प्रसाधने निघाली. २००८ साली तोयामा ही औषध कंपनीही तिने घेतली.

उटकमंडचा कारखाना परकीय तंत्रावर उभा होता. क्ष-किरण फिल्मकडे तो वळला खरा; पण रंगीत फिल्मचे मोठे रोल परदेशांतून आणून येथे कापून विकावे लागले. कर्ज वाढले, कारखाना आजारी ठरला आणि अखेर बंद पडला. त्याची झळ शेकडो कामगारांच्या संसारांस लागली.

ही दूरची गोष्ट समजू नये. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात इंजिनाचे सुटे भाग घडविणारे कितीतरी कारखाने आहेत आणि केवळ विजेवर धावणाऱ्या मोटारीत ते इंजिनच नसते. वस्तू जुनी होते. ती घडविताना कमावलेली विद्या जुनी होतेच असे नाही. मात्र ती आधी आपण स्वतः कमावलेली असावी लागते. उसन्या विद्येचा मोहरा फिरविता येत नाही, एवढे उटकमंडने आपणांस शिकविले आहे.