सोलापूरचे सामुदायिक संगीत

मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी उर्दू एकाच पेठेत बोलल्या जाणाऱ्या या गिरणी-मागांच्या शहरातील वाद्य व गायन परंपरा. सर्व भाषकांना एकत्र आणणारा मोठा प्रसंग म्हणजे मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा. बाराबंदी ल्यालेले भक्त सात नंदीध्वज पेलत निघतात, सोबत हलग्यांचा कडकडाट असतो. संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता सोहळ्यात संमतीचे, म्हणजे विवाहमंत्राचे, वाचन कन्नडमध्ये होते. ‘सत्यम सत्यम’ कानी पडताच मराठी-तेलुगू गर्दीही अक्षता टाकते. अर्थ किती जणांना कळला, हे तिथे कोणी विचारत नाही.

हलगी म्हणजे कड्यावर ताणून बसवलेले चामडे. गारव्याने ते सैल पडते, म्हणून वाजविण्याआधी जाळावर शेकतात. एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. ही कला प्रामुख्याने दलित जातींनी जपली. मान मात्र वादकापेक्षा वाद्यालाच अधिक मिळाला. गणेशोत्सवापासून आंबेडकर जयंतीपर्यंतच्या मिरवणुकांत लेझमाचे डावही ठरलेलेच.

जिल्ह्यातील बार्शीचे शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) गिरणी कामगारांचा व पुढे संयुक्त महाराष्ट्र चळवळीचा आवाज ठरले. मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांनी विठ्ठलाची भक्तिगीते आणि भीमगीते सारख्याच तन्मयतेने गायिली. त्यामुळे आषाढीला पंढरपुरात आणि १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीत वस्त्यांमध्ये ध्वनिक्षेपकावर एकच गळा ऐकू येतो. पुत्र आनंद व मिलिंद यांनी हा वारसा पुढे चालवला.