सूज आली की ॲलर्जीच? रक्तातल्या एन्झाइमवरचा लगाम सुटतो तेव्हा…

ओठ अचानक टम्म सुजतो. ॲलर्जीची गोळी घेतली, इंजेक्शन झालं, तरी फरक नाही. खाज नाही, अंगावर गांधी नाहीत. असं वारंवार होत असेल तर ‘हेरिडिटरी अँजिओएडेमा’ म्हणजेच ‘एचएई’ या आनुवंशिक आजाराची शंका घ्यायला हवी. साधारण ५० हजारांत एकाला तो असतो.

प्रतिकारशक्तीचा आजार म्हटला की आपल्याला सारखे होणारे सर्दी-ताप आठवतात. एचएई हाही जन्मजात प्रतिकारशक्ती-दोषांमध्येच मोडतो, पण इथली भानगड वेगळी आहे.

नेमकं काय बिघडतं?

आपल्या रक्तात प्रथिनांचे तुकडे करणारी एन्झाइम्स असतात, त्यांना प्रोटीएज म्हणतात. त्यातल्या काहींना आवर घालण्याचं काम ‘सी-१ इन्हिबिटर’ हे प्रथिन करतं. एचएईमध्ये ते कमी बनतं किंवा बनूनही काम करत नाही. मग ‘कॅलिक्रीन’ नावाचं एन्झाइम मोकाट सुटतं आणि एका मोठ्या प्रथिनातून ‘ब्रॅडिकायनिन’ कापून काढतं. जेमतेम ९ अमिनो आम्लांचा तुकडा, पण त्यामुळे रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि सूज येते. ॲलर्जीत हिस्टामिनचा हात असतो, इथे नसतो. म्हणूनच नेहमीची औषधं लागू पडत नाहीत.

आतड्याला सूज आली तर पोटात असह्य दुखतं. अपेंडिक्स समजून ऑपरेशन झाल्याची उदाहरणंही आहेत. घशात सूज आली तर श्वास अडून जीव जाऊ शकतो, त्यामुळे आवाज बदलला किंवा गिळताना त्रास झाला तर थेट हॉस्पिटल गाठा.

तपासणी कुठे?

रक्तातलं ‘सी-४’, तसंच सी-१ इन्हिबिटरचं प्रमाण आणि कार्य तपासतात. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची ‘एनआयआयएच’ ही संस्था आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली, आज जन्मजात प्रतिकारशक्ती-दोषांच्या निदानावरही काम करते.

हल्ला आल्यावर सी-१ इन्हिबिटर किंवा ‘इकाटिबँट’चं इंजेक्शन देतात. ते न मिळाल्यास फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा. आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता ५० टक्के, म्हणून घरच्यांचीही तपासणी करून घ्या. दात काढण्याआधी डेंटिस्टला आजाराची कल्पना द्या. ब्लडप्रेशरसाठीच्या ‘एसीई इन्हिबिटर’ गोळ्या आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या या रुग्णांना चालत नाहीत.