ताटी, चिक आणि झिलमिल

ऊन, वारा, पावसाची झड आणि परकी नजर यांपासून घराच्या पुढल्या उघड्या भागाला जे थोडेसे झाकून घेते, त्याला आपली मराठी 'आडोसा' म्हणते. या एका गरजेसाठी आपल्या भाषेने किती शब्द सांभाळून ठेवले आहेत, हे पाहिले म्हणजे नवल वाटते. बांबूच्या कामट्यांची किंवा गवताची ताटी, आडव्यातिडव्या पट्ट्यांची जाफरी, बारीक काड्या दोऱ्यात ओवून केलेला चिक, वाळ्याचा पडदा आणि लाकडाच्या तिरप्या फळ्या चौकटीत बसवून केलेली झिलमिल. इंग्रजीतून आलेला 'लूव्हर' हा शब्द आता ॲल्युमिनियमच्या दुकानांतून सर्रास ऐकू येतो. परंतु त्या शब्दामागची वस्तू आपल्या आजोबा-पणजोबांना अनोळखी नव्हती. युरोपात मुळी हा शब्द मध्ययुगीन घरांच्या छपरावर धूर बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या लहानशा मनोऱ्याचा होता. त्या मनोऱ्याला तिरप्या फळ्या असत, पाऊस आत येऊ नये म्हणून. पुढे मनोरा गेला आणि नाव फळ्यांना राहिले.

या शब्दांपैकी 'ताटी' तर आपल्या संतपरंपरेतच जाऊन बसली आहे. तेराव्या शतकात आळंदीला लोकनिंदेने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली आणि धाकट्या मुक्ताबाईने बाहेर उभे राहून त्यांची समजूत घातली, अशी कथा आहे. तिच्या नावावरची ती रचना 'ताटीचे अभंग' म्हणूनच ओळखली जाते. एका अध्यात्मपर काव्याला दारावरच्या आडोशाचे नाव मिळावे, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. आडोसा हा केवळ सुताराचा विषय नाही. तो कोणी लावला आणि तो उघडण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतोच.

मलकापुरात राहणाऱ्या वाचकांना या इतिहासाचा पहिला धडा घरबसल्या दिसतो. गावाजवळच्या आगाशिवच्या डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत; ती इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील मानली जातात. त्यांतील कित्येक लेण्यांत भिक्षूंच्या खोल्या थेट उघड्यावर येत नाहीत, मध्ये ओसरी सोडलेली आहे. ज्या कारागिरांना प्रत्येक हात जागा खडक फोडून मिळवावी लागत होती, त्यांनीसुद्धा ओसरीची जागा सोडली. बाहेरच्या प्रखर उजेडातून एकदम काळोखात जाऊ नये, सावलीच्या एका पायरीने जावे, ही समज या मुलखात निदान दीड-पावणेदोन हजार वर्षांची आहे.

पुढे वाडे आले. आपल्या भागात ज्याला सोपा म्हणतात, ती घराची दर्शनी, पाहुण्यांची जागा. आत चौक, चौकाभोवती माजघर, वर माडी. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना चौकामागून चौक ओलांडीत आत जाताना एकेक पडदा मागे पडत असल्याचा भास झाला असेल. अशा वाड्यांत सोप्यावर पुरुष आणि चिकाआड स्त्रिया, ही विभागणी रुळलेली होती. जुन्या वाड्यांविषयी हल्ली फार हळवेपणाने लिहिले जाते. चिकाआडून समारंभ पाहणाऱ्या स्त्रियांची चित्रेही मोठी मोहक असतात. परंतु आम्हांस तो हळवेपणा पुरता पटत नाही. चिकाची करामत अशी की, आतल्या सावलीतून बाहेरचा उजेड दिसतो आणि बाहेरून आतले काही दिसत नाही; पण तो चिक वर गुंडाळण्याची मुभा आतल्या स्त्रीला नसे. खानदानी मराठा घराण्यांत गोषा हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. कृष्णा-कोयनेच्या काठच्या शेतांत राबणाऱ्या कुणबी बाईला हा गोषा परवडणारा नव्हता, म्हणून ती उन्हातही होती आणि मोकळीही होती. सावली आणि मोकळेपणा यांतले एकच काय ते मिळावे, अशी ही व्यवस्था होती.

हे केवळ आपल्याकडेच होते असे मात्र नव्हे. पवित्र शास्त्राच्या वाचकांना जाळीची खिडकी परिचित आहे. शास्त्यांच्या ग्रंथात सीसराची आई जाळीआडून मुलाच्या रथाची वाट पाहते, तो मुळी परत येणारच नसतो. राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या आरंभी अहज्या राजा शोमरोनातील आपल्या माडीच्या जाळीतून खाली पडतो आणि अंथरूण धरतो. (जाळी पक्की बसवून घ्यावी, हा बोध आम्ही सुतारमंडळींसाठी राखून ठेवतो.) अरब देशांत भिंतीबाहेर काढलेल्या जाळीदार सज्जाला मश्रबिया म्हणतात; हे नाव पिण्याच्या क्रियेवरून आले, कारण वाऱ्याच्या झुळकीत गार व्हावेत म्हणून पाण्याचे घडे तेथे ठेवीत. फ्रेंच आणि इटालियन भाषांनी मात्र तिरप्या पट्ट्यांच्या झडपेला चक्क 'मत्सर' या अर्थाचा शब्द लावला. आपली बायको वा मुलगी कोणाच्या नजरेस पडू नये असे वाटणाऱ्या घरधन्याचा तो मत्सर. एकाने पाण्याच्या घड्यावरून नाव दिले, दुसऱ्याने संशयावरून. वस्तू मात्र तीच.

अरबांकडून ही जाळी स्पेन-पोर्तुगालात गेली आणि पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर जगभर पसरली. 'व्हरांडा' हा आज आपल्या बोलीत मुरलेला शब्द वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत आढळतो. जुन्या गोव्यात आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी १६०६ साली सांता मोनिकाचा मठ स्थापिला. त्याची इमारत १६२७ मध्ये पुरी झाली. पूर्वेकडील हा पहिला मोठा जोगिणींचा मठ म्हणून ओळखला जातो. तेथील भगिनी एकांतव्रती असल्याने त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध जाळीआडूनच येई. त्यांच्यातील कित्येकींनी ही जाळी ईश्वरप्रेमाने मनापासून स्वीकारली असेल, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्या काळी घरच्यांच्या सोयीसाठी मठात धाडलेल्या मुलीही असत, हे युरोपच्या इतिहासावरून उघड आहे आणि ते लपवून आपला काही फायदा नाही.

ब्राझीलमधील एक हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. नेपोलियनच्या फौजा लिस्बनवर चालून आल्या तेव्हा पोर्तुगालचे राजघराणे समुद्रमार्गे निघाले आणि १८०८ साली रिओ द जानेरोला पोहोचले. त्या शहरातील घरांना रस्त्याच्या बाजूने लाकडी जाळ्या व झडपा होत्या. राजधानीला हे रूप शोभत नाही, ते मूर लोकांच्या मागासलेपणाचे चिन्ह आहे, असे ठरवून पोलीसप्रमुख पाउलो फेर्नांदिस व्हियाना यांनी १८०९ मध्ये त्या काढून टाकण्याचा हुकूम सोडला. जाळ्या उतरल्या, त्यांच्या जागी काचा आल्या. आणि उष्ण कटिबंधातील घरांत ऊन शिरले. गंमत अशी की, त्याच शहरात १९३६ नंतर शिक्षणखात्याची नवी इमारत उभी राहिली, तेव्हा तिच्या उन्हाच्या बाजूला फिरत्या आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. ल कॉर्बुझिए हा फ्रेंच वास्तुविशारद तिचा सल्लागार होता. त्यानेच पुढे चंदीगडच्या सरकारी इमारतींना काँक्रीटचे ऊनरोधक दिले. जे मागास म्हणून फेकले, ते सव्वाशे वर्षांनी आधुनिक म्हणून परतले.

आपल्या देवमंदिरातील एका जाळीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी १५७७ साली चर्चच्या बांधकामाविषयी एक तपशीलवार ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पापनिवेदनाच्या आसनाला मध्ये फळी आणि फळीत जाळीची खिडकी असावी, असा दंडक घालून दिला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने ती पद्धत सर्वत्र नेली. ही जाळी निवेदन करणाऱ्याच्या अब्रूसाठी होती आणि धर्मगुरूंच्या वर्तनावर अंकुश म्हणूनही होती. ती सक्तीची वाटावी असा काळ होऊन गेला खरा. परंतु १९८३ च्या धर्मसंहितेने सांगितले आहे ते असे की, पापनिवेदनाच्या जागी कायमची जाळी असावी, जेणेकरून ज्या भाविकांना तिचा उपयोग करावासा वाटेल त्यांना तो मोकळेपणाने करता यावा. आमच्या वाचनात आलेल्या आडोशाच्या साऱ्या नियमांत एवढा समंजस नियम दुसरा नाही.

गोव्याच्या ख्रिस्ती घरांनी आणखी एक वेगळी वाट धरली. हिंदू घर आतल्या राजांगणाकडे तोंड करून बसे. ख्रिस्ती घराने रस्त्याकडे तोंड केले आणि दारापुढे दोन्ही बाजूंना बैठकी असलेला बाल्कांव बांधला. संध्याकाळी तेथे सारे घर बसे, स्त्रियाही. येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस होई. एकांतासाठी मागे खिडक्या होत्या. त्यांना काचेऐवजी चपट्या, पारदर्शकप्राय शिंपल्यांचे तुकडे बसवीत, म्हणजे उजेड आत येई आणि नजर बाहेर राही. मुंबईत गिरगावच्या खोताच्या वाडीतही लाकडी व्हरांडे आणि झडपांच्या खिडक्या असलेली ईस्ट इंडियन घरे उभी राहिली. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही वाडी वसविली आणि तेथील जागा ख्रिस्ती कुटुंबांना दिल्या. आज जुन्या घरांपैकी निम्मीही उरलेली नाहीत.

झिलमिलीची रचना अशाच घरांतून पाहावी. सागवानी चौकटीत तिरप्या फळ्या, प्रत्येक फळीची टोके बाजूच्या भोकांत सैल बसविलेली, आणि साऱ्या फळ्यांच्या कडांना तारेच्या कड्यांनी जोडलेली एक उभी दांडी. दांडी वर-खाली सारली की फळ्या उघडतात किंवा एकीवर एक मिटतात. मधल्या कोणत्याही अंशावर त्या थांबविता येतात. चिकाहून ती श्रेष्ठ का, तर दांडी आतल्या बाजूला असते. उघडावे की मिटावे, किती उघडावे, हे बसणाऱ्याच्या हाती येते. गोषाचा पडदा घरधन्याच्या हुकमाने टांगला जाई. झिलमिलीची दांडी घरातले लेकरूही फिरवू शकते.

साताऱ्याच्या डोंगरमाथ्यावर इंग्रजांनी १८२८ नंतर महाबळेश्वर वसविले, तेथे व्हरांड्याचे बंगले झाले. पण वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळणाऱ्या त्या जागी झडपांचा टिकाव लागेना, तेव्हा साहेबांनीही पावसाळ्यापुरते गवताचे पडदे बांधून घेण्याची गावकऱ्यांची रीत उचलली. म्हणजे शेवटी ताटीच उपयोगी पडली.

आणि आता मलकापूर. पुणे-बंगळूर महामार्गाला लागून असलेले हे गाव गेल्या काही दशकांत भराभर वाढले. ग्रामपंचायतीची नगरपंचायत आणि मग नगरपरिषद झाली. सोप्याची कौलारू घरे जाऊन सिमेंटचे मजले आले. घरांना आशीर्वाद देण्यासाठी धर्मग्रामातील कुटुंबांकडे जाताना आम्हांस दोनच प्रकार दिसतात. एक, लोखंडी ग्रिल लावलेली उघडी गॅलरी. ग्रिल चोराला अडविते, पण उन्हाला नाही आणि नजरेलाही नाही. दुसरा, सरकत्या काचांनी बंद केलेली गॅलरी. तेथे दुपारी भट्टी पेटते आणि मग आतून जाड पडदा ओढावा लागतो. काचेतून एकदा आत आलेली उष्णता आतल्या पडद्याने परत जात नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवावे लागते. महामार्गाच्या सहापदरीकरणाबरोबर उड्डाणपुलाचे काम निघाल्यापासून तर माडीही रस्त्याच्या पातळीवर आल्यासारखी झाली. याचा फटका बसतो तो घरात दिवसभर असणाऱ्यांना. दुपारची धुणी आटोपून घटकाभर बाहेर टेकू पाहणाऱ्या सुनेला आणि गुडघ्यांमुळे खाली न उतरणाऱ्या आजीला बसण्याची जागाच राहिली नाही. आजी आत दूरदर्शनसंचापुढे आणि शेजारीण तिच्या घरात, अशी गत झाली. शेजारधर्म आटला म्हणून आम्ही प्रवचनातून हळहळतो. ज्या ओसरीवर तो वाढत असे ती आम्हीच नकाशातून पुसली, हे कोणी बोलत नाही.

म्हणून काही घरांतून पुन्हा पट्ट्यांचे आडोसे दिसू लागले आहेत, त्याचे आम्हांस समाधान वाटते. मात्र ते डोळसपणे बसवावेत. मलकापूर सुमारे सव्वासतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या १० तारखेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे नेमका डोक्यावर येतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो, तरी बराच वर असतो. म्हणून दक्षिणेच्या बाजूला आडव्या पट्ट्या उत्तम काम देतात. त्या बाहेरच्या बाजूला उतरत्या असाव्यात, म्हणजे पाणी बाहेर पडते, वरच्या मजल्यावरून कोणी डोकावू शकत नाही आणि आत बसलेल्याला अंगण दिसत राहते. पश्चिमेचे ऊन निराळे. ते संध्याकाळी तिरपे, थेट तोंडावर येते. आडव्या पट्ट्या पार मिटल्या तरच ते अडते आणि मग वाराही अडतो. तेथे उभ्या, फिरत्या पट्ट्या हव्यात. सूर्य सरकेल तशा त्या वळविता येतात. रात्री आत दिवा लागला की मात्र सारा खेळ उलटतो, बाहेरच्या अंधारातून आतले सगळे दिसते. तेव्हा पट्ट्या मिटाव्यात किंवा दिवा मालवून चांदण्यात बसावे. सागवान आता कोणाला परवडत नाही. ॲल्युमिनियम चालेल, पण त्यावर फिकट रंग द्यावा, गडद रंग तापतो. शेतातल्या शेडची हिरवी जाळी स्वस्त पडते खरी, पण ती दोन-चार उन्हाळ्यांत फाटते, आणि तिला कमीअधिक उघडण्याची सोय नसते. सुताराला वा फॅब्रिकेटरला काम देताना मूठ आतल्या बाजूला, खुर्चीत बसलेल्या आजीचा हात सहज पोहोचेल एवढ्या उंचीवर बसवायला सांगावे.