तिकिटावरचे पाखरू

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, सनदा, बखरी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पत्रावर डकवलेले पोस्टाचे तिकीट हेही एक साधन आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वस्तुतः तिकीट सरकार काढते. देशापुढे काय मांडावे याविषयीचे त्या त्या काळचे मत त्यावर उमटते. पक्ष्यांची तिकिटे सालवार लावून पाहिली, तर हे मत कसे पालटले ते स्वच्छ दिसते.

आरंभी पक्षी आला तो निव्वळ खूण म्हणून. १८४५ साली स्वित्झर्लंडमधील बासेलच्या तिकिटावर चोचीत पत्र धरलेले कबूतर होते. १८५४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाने आपला काळा हंस छापला. आपल्याकडे ३१ डिसेंबर १९६८ रोजी चार पक्ष्यांचा संच निघाला. त्यात निळा मॅगपाय, सुतार, सातभाईच्या कुळातला वाकड्या चोचीचा एक पक्षी आणि शिंजीर होते. तो छापला गेला आपल्याच जिल्ह्यात, नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात. १९२५ मध्ये हा छापखाना निघण्यापूर्वी आपली तिकिटे लंडनहून छापून येत. १९७५ च्या संचात नवरंग व हळद्या आले, हिमालयातले ट्रॅगोपान व मोनालही आले. या दोन्ही संचांचा हेतू एकच: देशाचे वैभव दाखवावे.

पुढे सूर बदलतो. १९८० साली तिकिटावर माळढोक आला. त्याच्यासाठी आदल्याच वर्षी सोलापूरकडे नान्नजचे अभयारण्य घोषित झाले होते. १९८३ साली सायबेरियन क्रौंच आला. २००२ नंतर तो भरतपूरला उतरलाच नाही. १९९४ च्या पाणपक्ष्यांच्या संचात गुलाबी डोक्याचे बदक होते, जे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर खात्रीने कोणाच्या दृष्टीस पडलेले नाही! हा संचही लवकरच मागे घेतला गेला. म्हणून संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात.

आणि ९ जुलै २०१० रोजी कबुतराबरोबर कोण यावे? चिऊ-काऊच्या गोष्टीतली चिमणी! त्याच वर्षी नाशिककरांच्या पुढाकाराने २० मार्च हा चिमणी दिन म्हणून पाळला जाऊ लागला होता. आढ्यात काड्या आणणारे पाखरू मुद्दाम आठवावे लागले, यात सारा इतिहास आला.

तेव्हा, श्रोतेहो, हा छंद केवळ पोरखेळ नव्हे. आपल्या जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर २०२० साली रामसर यादीत गेले, जगाने त्याची दखल घेतली. गिरणाकाठच्या आपल्या पाखरांची दखल मात्र आपणच घ्यायची आहे. घरातले मूल तिकिटे चिकटवू लागले, तर प्रत्येक पक्ष्याशेजारी त्याला एक ओळ लिहायला सांगा: हा पक्षी कळवणात कोणी, कोठे, कधी पाहिला. पन्नास वर्षांनी तिकिटाहून त्या ओळीचेच मोल अधिक ठरेल.