घरात आहे, वहीत नाही

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरनं मला सरळ तोंडावर सांगितलं की, तुमच्याकडे कॅल्क्युलेटर नाही.

तसं पाहिलं तर माझ्याकडे काय काय नाही हे सांगणारे लोक मला आयुष्यभर भेटत आले आहेत. गणिताच्या मास्तरांनी भर वर्गात सांगितलं की, याला डोकं नाही. साहेबांनी गोपनीय अहवालात लिहिलं की, यांच्यात धडाडी नाही. आणि लग्नाच्या बैठकीत सासरेबुवांनी अडकित्ता खाली ठेवून विचारलं, "म्हणजे स्वतःची जागा नाही म्हणा की!" ही तिन्ही विधानं सत्य असल्यामुळे मी कधी वाद घातला नाही. पण कॅल्क्युलेटर होता हो! आदल्याच आठवड्यात मी त्याच्यावर हिशेब केला होता.

हिशेबही लहानसहान नव्हता. आमची चाळीस वर्षांची इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही उभयता चौदा खोकी घेऊन भाड्याच्या घरात आलो. बिल्डर देतो ते भाडं, आम्ही भरतो ते भाडं, जुन्या घराचे चौरस फूट आणि नव्या घराचे (सध्या कागदावरचे) चौरस फूट, हे सगळे आकडे घेऊन दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सभेत उभं राहायचं होतं. म्हणून शोधायच्या चौकटीत मी 'कॅल्क्युलेटर' असं टाइप केलं. यंत्रानं क्षणभर विचार केला, मला दुकानांतले कॅल्क्युलेटर दाखवले, त्यांच्या किमती दाखवल्या आणि कॅल्क्युलेटरच्या इतिहासाबद्दल वाचायला आवडेल का, असंही विचारलं. घरात चहा मागावा आणि बायकोनं आसामच्या मळ्यांची माहिती सांगावी, तसला प्रकार.

पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, काही झालेलं नाही. तुमचा इंडेक्स बिघडलाय. रिबिल्ड करावा लागेल." माझं वय लक्षात घेता हेच वाक्य एखाद्या डॉक्टरनं उच्चारलं असतं तर मी अंथरूणच धरलं असतं.

"अरे, पण कॅल्क्युलेटर गेला कुठे?"

"कुठे जाणार? आहे तिथेच आहे. सगळ्या प्रोग्रॅमची यादी उघडा आणि खाली जात राहा. फक्त सर्चला त्याचा पत्ता नाही."

यादी उघडली. होता! मी पडद्यावर बोट ठेवून ओरडलोच, "हा काय, इथेच आहे की!" आणि ओरडल्यावर एकदम गप्प झालो. कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं, आणि तेव्हा मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो.

एकतीस वर्षं मी एका कचेरीच्या रेकॉर्ड विभागात काढली. आमचं कुलदैवत म्हणजे रजिस्टर. १९८७ साली एक म्हातारे गृहस्थ फेरफाराच्या नकलेसाठी तीनदा आले. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यावर बोट ठेवलं. "रावसाहेब, ही काय हितंच हाय की. माझ्या बाचं नाव हाय हिच्यावर." मी गठ्ठ्याकडे न बघता रजिस्टर उघडलं, रकान्यावरून पट्टी फिरवली आणि म्हणालो, "नोंद नाही."

"आवं, पण ही समूर..."

"नोंद नाही म्हणजे फाईल नाही, आजोबा. नव्यानं अर्ज करा."

ते काही बोलले नाहीत. फाईलकडे एकदा बघितलं, टोपी नीट केली आणि एसटीची वेळ झाली म्हणून गेले. चौथ्यांदा आले नाहीत.

तर त्या दिवशी पुतण्यानं मला जे समजावलं ते मला समजावण्याची वास्तविक गरजच नव्हती. कॉम्प्युटर शोधतो असं आपण म्हणतो, पण आपण विचारल्यावर तो काही शोधत नसतो. तो रजिस्टर उघडतो. कोणता शब्द कोणत्या फायलीत आणि कोणता प्रोग्रॅम कोणत्या कप्प्यात, याची वही त्याच्या पोटातला एक कारकून आधीच लिहून ठेवतो. त्या वहीत नाव नसेल तर समोर दिसणारी वस्तूही नसते.

शोधण्याचे प्रकार मुळात दोनच. पहिला म्हणजे एकेक गाठोडं सोडून बघणं. रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल असेच सोडले आणि १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग छापून निघाले. कॉम्प्युटरही पूर्वी असाच रुमाल सोडत बसायचा. विंडोज ९५ मध्ये 'फाइंड' म्हटलं की तो एकामागून एक कप्पे उघडत जाई आणि तोवर आपण चहा टाकून यावं. २००१ च्या विंडोज एक्सपीत तर या कामावर चक्क एक पिवळा कुत्रा नेमलेला होता. त्याचं नाव रोव्हर. १९९५ सालच्या 'मायक्रोसॉफ्ट बॉब' नावाच्या साफ आपटलेल्या प्रोग्रॅममधून बदली होऊन आलेला. तुम्ही फाईल मागितलीत की हा कोपऱ्यात बसून शेपटी हलवणार. पुष्कळांनी वैतागून त्याला हाकलून दिलं. मला तो आवडायचा. सापडलं नाही तरी आपल्यासाठी कोणीतरी मनापासून हुंगतंय, एवढं समाधान असे. आमच्या कचेरीत तेवढंही नव्हतं.

दुसरा प्रकार म्हणजे आधीच वही करून ठेवणं. यात आपले पूर्वज पुढे होते. (आपले पूर्वज सगळ्यातच पुढे होते असं म्हणणाऱ्यांतला मी नाही, पण इथे लेखी पुरावा आहे.) कात्यायनाची 'सर्वानुक्रमणी' घ्या. ऋग्वेदाच्या सूक्तांचं ते अस्सल रजिस्टर आहे. सूक्ताची सुरुवात काय, ऋचा किती, ऋषी कोण, देवता कोणती, छंद कुठला, सगळे रकाने भरलेले. शेरा तेवढा कोरा. पुढे तेराव्या शतकात पॅरिसमध्ये ह्यूग ऑफ सेंट-शेर नावाच्या डोमिनिकन धर्मगुरूनं लॅटिन बायबलातले शब्द कुठे कुठे येतात याची सूची करवून घेतली. पाचशे भिक्षू त्यासाठी खपले म्हणतात. तेव्हा वचनांना आकडे नव्हते, म्हणून प्रत्येक अध्यायाचे सात तुकडे कल्पून त्यांना अक्षरं दिली. शब्द सांगा, पत्ता घ्या. आजचं यंत्र करतं ते हेच. फक्त भिक्षूंना जेवायला घालावं लागत नाही.

आणि पत्त्यावरून आठवलं. १७९१ साली फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारनं मठांतून जप्त केलेल्या पुस्तकांची नोंद करायचा हुकूम काढला, ती कशावर? तर खेळायच्या पत्त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर! पुस्तकांचे पत्ते पत्त्यांवर. एवढी आयती कोटी करायला त्या सबंध राज्यक्रांतीत एकही मराठी माणूस नव्हता, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

पुण्यात भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली आणि पाठोपाठ परशुराम लक्ष्मण वैद्यांच्या संपादनाखाली श्लोकांच्या चरणांची प्रतीकसूची काढली. नुसती सूची सहा खंड! महाभारतात नाही असं जगात काही नाही म्हणतात. ते नेमकं कुठे आहे, हे त्या सहा खंडांत आहे.

कॉम्प्युटरवाल्यांना ही वहीची युक्ती पटायला फार वेळ लागला नाही. १९८३ साली जेम्स वुड्स नावाच्या गृहस्थानं युनिक्स वापरणाऱ्यांसाठी एक तोड मांडली. यंत्राला काम नसेल तेव्हा सगळ्या फायलींच्या नावांची यादी करून ठेवायची आणि एरवी फक्त यादीतच बघायचं. उत्तर झटक्यात मिळे. अडचण एकच. रात्री यादी केली तर सकाळी जन्मलेली फाईल दिवसभर जन्मलेलीच नसे, आणि सकाळी मेलेली फाईल दिवसभर जिवंत असे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणाऱ्या माझ्यासारख्या पेन्शनराला यात नवल वाटण्याचं कारण नाही.

मग १९९८ साली ॲपलवाल्यांनी मॅकमध्ये शोधकामावर साक्षात शेरलॉकची नेमणूक केली, आणि २९ एप्रिल २००५ ला 'स्पॉटलाइट' आणलं. त्यातला कारकून रात्रीची वाट बघत नाही. फाईल हलली रे हलली की तो नोंद करायला धावतो. २००७ साली विंडोज व्हिस्टानंही स्टार्टच्या मेनूतच शोधायची पेटी बसवली. दोन अक्षरं लिहा, प्रोग्रॅम हजर. झालं! त्या दिवसापासून आपला प्रोग्रॅम कुठे ठेवलाय हे लक्षात ठेवणं माणसांनी सोडून दिलं. मीही सोडलं.

घर आणि वही एकच करून टाकावी, म्हणजे भांडणच मिटेल, असं स्वप्नही काही शहाण्यांनी पाहिलं. डॉमिनिक जियांपाओलो आणि सिरिल म्यूरियों या दोघांनी 'बी' नावाच्या कंपनीत फायलींची मांडणीच अशी केली की सूची तिच्यातच विणलेली. मांडणी सुरेख होती. कंपनी २००१ साली विकली गेली. जियांपाओलो ॲपलमध्ये गेले आणि त्यांनी स्पॉटलाइटचं काम केलं. म्हणजे पुन्हा वेगळी वही! मायक्रोसॉफ्टनं 'विनएफएस' नावानं असंच काहीतरी २००३ साली गाजावाजा करून दाखवलं, २००४ साली येत्या विंडोजमधून वगळलं आणि २००६ साली गुंडाळलं. आता तर वही घरात राहिली तरी पुष्कळ. ५ फेब्रुवारी २०२० ला विंडोज १० वापरणाऱ्या कित्येकांच्या शोधपेटीत नुसता रिकामा चौकोन दिसू लागला. बिघाड त्यांच्या यंत्रात नव्हताच, दूरच्या सर्व्हरच्या बाजूला होता. स्वतःच्या घरातलं कपाट उघडायला परगावच्या तारेची वाट बघायची!

असो. पुतण्यानं फोनवरून माझ्याकडून सगळं करून घेतलं. आधी यंत्र बंद करून पुन्हा चालू. (हा उपाय कचेरीत साहेबांवर करता आला असता तर!) मग आतला कारकून जागा आहे की नाही ते पाहिलं. जागा होता. मग 'इथे शोधू नका' अशी जी यादी असते, तिच्यात प्रोग्रॅमचा कप्पा चुकून गेलाय का ते पाहिलं. नव्हता गेला. म्हणजे वहीच खराब. कधीतरी नोंद चालू असताना वीज गेली असेल, शाई सांडावी तशी. शेवटी 'रिबिल्ड'चं बटण समोर आलं आणि यंत्रानं बजावलं की, जुना इंडेक्स पुसला जाईल आणि नवा व्हायला बराच वेळ लागेल.

माझा हात थांबला. सभेचे आकडे आत, नातीचे फोटो आत, जुन्या घराचे रिकामं करण्याआधी काढलेले फोटोही आत.

"काका, वही फाटते. घर फाटत नाही. दाबा."

दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा चढू लागला. एकशे बारा नोंदी. चारशे. नऊशे. कारकून पहिल्या पानापासून पुन्हा लिहीत होता. मध्येच विचारलं तर अर्धवट उत्तरं देत होता. पुतण्या म्हणाला, आता त्याला छेडू नका, रात्रभर चालू द्या.

म्हटलं, तोवर सभेला घालायच्या सदऱ्याचं बटण लावून ठेवावं.

"अगं, सुईदोऱ्याचा डबा कुठाय?"

आता, जुन्या घरात हा प्रश्न म्हणजे शुद्ध औपचारिकता होती. ही पोळी उलटत असताना मान न वळवता सांगायची, आणि वस्तू तिथे असायची. चाळीस वर्षांत एकदाही चूक नाही. कात्री, थर्मामीटर, माझा चष्मा, माझी १९७९ ची वेतननिश्चितीची ऑर्डर.

"खिडकीखालच्या खणात, डावीकडे," आतून लगेच उत्तर आलं.

मी खिडकीशी गेलो. या घरातल्या खिडकीखाली खण नाही. भिंत आहे. मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातला पोळपाटाचा आवाज थांबला, ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्याशेजारी उभी राहून त्या भिंतीकडे बघत राहिली.

मग आम्ही खोकी उघडायला बसलो. चौदांपैकी नऊ अजून चिकटपट्टीसकट तशीच होती. पहिल्यात पितळेची भांडी निघाली, दुसऱ्यात दिवाळी अंक, चौथ्यात देवघराचा पडदा, आणि त्यात गुंडाळलेली जुन्या दाराची पाटी. तिच्याशी थोडा वेळ गेला. सहाव्या खोक्यात बिस्किटांचा जुना डबा मिळाला. सुया, रिळं, बटणं सगळं शाबूत.

रात्रीचे साडेबारा वाजले होते. कोपऱ्यातला आकडा अडतीस हजारांवर गेला होता. मी उगाच 'कॅ' एवढंच टाइप केलं आणि कॅल्क्युलेटर निमूट येऊन उभा राहिला.

"सापडला का हो?"

"सापडला."

तिनं डबा टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवला, दार लावलं, पुन्हा उघडून पाहिलं आणि लावलं.

"टीव्हीखाली, उजवीकडे," ती मोठ्यानं म्हणाली. मी समोरच होतो, पण माझ्याशी बोलत नव्हती. थोडं थांबून पुन्हा म्हणाली, "टीव्हीखाली. उजवीकडे."